चार दिवसांत मोडणारं टाइमटेबल

"मॅडम, ठरवतो खूप, पण चार दिवसांच्या वर काही टिकत नाही. मला शिस्तच नाही." माझ्याकडे बोलायला येणाऱ्या, भरतीची, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या गावाकडच्या मुलांची ही सगळ्यात नेहमीची तक्रार. त्यांतल्याच एकाबद्दल लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला विशीतला मुलगा. घरी कापूस-तूर, विहिरीच्या पाण्यावर थोडा हरभरा. पोलीस भरतीची तयारी चाललेली. सोबत वडील होते. बसायच्या आधीच म्हणाले, "पोट्टा हुशार आहे जी, पण आळशी आहे. पाचचा गजर लावते अन् आठला उठते." मुलगा मान खाली घालून ऐकत होता.

मी त्याची वही मागितली. पट्टीनं आखलेली टाइमटेबलं. पहिल्यात उठायची वेळ पाच. सोमवार ते बुधवार हिरव्या टिका, गुरुवारी लाल फुली, त्यापुढचं पान कोरं. मग नवं टाइमटेबल, उठणं साडेचारला. ते मोडल्यावर तिसरं: उठणं चारला, मोबाइल बंद, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) बंद. मोडल्याची शिक्षा म्हणून पुढचं दरवेळी आणखी कडक. पाचला उठणं ज्याला जमलं नाही, तो चारला कसा उठेल? पण स्वतःवर चिडलेला माणूस हा साधा हिशोब करत नाही. अशा वह्या मी खूप पाहते आणि दरवेळी जीव तुटतो, कारण त्यात मेहनत दिसते.

फुल्या कोणत्या दिवशी पडल्या ते आम्ही तिघांनी मिळून पाहिलं. बहुतेक फुल्या शेताच्या फिडरला रात्रीची लाइन होती, म्हणजे शेतीची वीज रात्री यायची, त्या दिवसांच्या. रात्री लाइन आली की हा वावरात. मोटर सुरू करायची, स्प्रिंकलरचे पाइप बदलायचे, घरी यायला दोन-तीन वाजायचे. आणि पाचला उठून धावायचं! वडील जरा वेळ गप्प राहिले. "हे त ध्यानातच नाही आलं," म्हणाले.

थंडीत, रानडुकरांच्या धास्तीत जो मोटरची वेळ चुकवत नाही, त्याला शिस्त नाही हे मला मान्य नव्हतं. मोटरची वेळ कशी चुकत नाही, हे त्यालाच विचारलं. "लाइन आली की जावंच लागते. बॅटरी दाराशीच असते, बूटबी तिथंच. विचार नाही करा लागत."

हेच मला त्याच्या तोंडून हवं होतं. रोज नव्यानं मनाशी भांडून कुणाचीच शिस्त फार दिवस टिकत नाही. कशानंतर काय करायचं हे आधीच ठरलेलं असावं लागतं. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये यावरच लिहिलं: 'मी अभ्यास करीन' या नुसत्या निश्चयापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं ठरवलेलं जास्त पार पडतं.

मग त्यानं दोन टाइमटेबलं केली. दिवसाची लाइन असेल तर पहाटे धावणं, रात्रीची असेल तर झोप पूर्ण करून संध्याकाळी. भरतीत शारीरिक चाचणीच्या ५० गुणांपैकी २० मुलांच्या १६०० मीटर धावण्याला आहेत. ते पहाटेच धावलं पाहिजे असं कुठंही लिहिलेलं नाही. रात्री जेवणाचं ताट उचललं की त्याच जागी पुस्तक उघडायचं, फोन आईच्या खोलीत चार्जिंगला. मैदानाची वाट पानठेल्यावरून जायची, तिथं मित्र पन्नीत खर्रा घोटत बसलेले. त्यानं वाट बदलली. खर्ऱ्याबद्दल मात्र स्पष्ट सांगते, तंबाखूची तलफ शरीराला लागलेली असते, तिथं नुसता निर्धार अपुरा पडू शकतो. १८००११२३५६ या मोफत क्रमांकावर सोडण्यासाठी मदत मिळते. तो नंबर त्यानं वहीतच लिहून घेतला.

राहिली फुली. 'एक दिवस चुकला म्हणजे गेलं सगळं' हे त्याच्या मनात घट्ट बसलेलं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला होता. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले; कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. मधे एखादा दिवस चुकल्यानं फारसं काही बिघडलं नाही. हे ऐकून तो पहिल्यांदा हसला. आमचं ठरलं: चुकलेल्या दिवसाची भरपाई करायची नाही, फुलीपुढे काय आडवं आलं तेवढं लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी तेच टाइमटेबल चालू ठेवायचं.

वडिलांनी विचारलं, "म्हणजे आता बोलायचंच नाही का त्याला?" मी म्हटलं, "बोला ना काका. पण 'काहून उठला नाही' ऐवजी 'आज लाइन कधीची आहे' विचारा."

त्याच्या वहीत फुल्या अजूनही असतात, पण त्यांच्यापुढची पानं आता भरलेली आहेत. धावण्याची वेळ कमी होते आहे. भरतीचं काय होईल ते पुढं दिसेल.

पालकांना आणखी एक. मूल दोन-दोन आठवडे कशातच मन लावत नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, 'जगून काय करू' असं बोलत असेल, तर तो शिस्तीचा प्रश्न समजून रागावू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. मुलाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.