ग्रहण, करंगळी आणि घोड्याचा केस

"मॅडम, माझ्यामुळेच झालं का हो?"

बाळ दीड महिन्याचं. उजव्या करंगळीच्या बाहेरच्या अंगाला शेंगदाण्याएवढं सहावं बोट, हाड नसलेलं, कातडीच्या देठावर लोंबणारं. सातव्या महिन्यात ग्रहण असताना हिनं भाजी चिरली होती, आणि सासूबाई ते विसरायला तयार नव्हत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.)

ग्रहणाचा वाद मी घालत नाही, तारखा मांडते. गर्भाचा तळहात आधी वल्ह्यासारखा सपाट असतो. मग मधल्या पेशी मरतात आणि बोटं सुटी होतात. गर्भ आठ आठवड्यांचा होईपर्यंत हे उरकलेलं असतं. "तुम्ही विळी घेतलीत, त्याच्या चार महिने आधीच बोटं तयार होती." ती जरा हसली.

जादा बोट साधारण पाचशे ते हजार बाळांमागे एकाला असतं. जन्मतः आत वळलेलं पाऊल हजारात एखाद्याला. प्रसूतिगृहातल्या सिस्टरांना याचं नवल नसतं.

"आमच्यात कुणालाच नाही असं," सासूबाई म्हणाल्या. हे वाक्य मी रोज ऐकते, म्हणून सगळ्यांचे हात बघायला मागते. त्यांच्या मुलाचे, म्हणजे बाळाच्या वडिलांचे, हात स्वच्छ. सासूबाईंच्या डाव्या करंगळीशेजारी मात्र बारीक उंचवटा होता.

"ही होय? जन्मापासूनची चामखीळ. आईनं घोड्याचा केस बांधून पाडली."

कुणी बोलेना. आता दोष सुनेवरून सासूवर जाणार, ही मला धास्ती. म्हणून घाईनं सांगितलं: हे बहुधा घराण्यातून आलंय. असा जनुक असलेल्याच्या प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. उतरूनही कधी काहीच दिसत नाही, तुमच्या मुलाच्या हातासारखं. पुढच्या बाळालाही बोट असू शकेल, नसूही शकेल.

बालरोगतज्ज्ञांनी हृदय, मूत्रपिंडं, डोळे तपासले होते, सगळं ठीक होतं. नुसतं बोटच असेल, तर बहुतेकदा प्रकरण तेवढंच असतं आणि छोट्या शस्त्रक्रियेनं निघतं. "घरी दोरा, केस काही बांधायचं नाही. जंतुसंसर्ग होतो, आणि थोटूक मागे राहतं."

सासूबाई अंगठ्यानं आपला उंचवटा चाचपत होत्या. "माझ्या आईलाही तेव्हा बोलणी बसली असतील," असं पुटपुटत त्यांनी सुनेच्या मांडीवरून बाळ उचलून घेतलं.