परभणीच्या उन्हाळ्यात विणायला काय घ्यावं आणि दोरा कोणता?

ॲक्रिलिक लोकर मे महिन्यात विसराच. घामेजल्या बोटांत ती चिकटते आणि अंगावरही उबते. सुती दोरा घ्या, शक्यतो मर्सराइज्ड (म्हणजे रासायनिक प्रक्रिया केलेला), त्याला तकाकी असते आणि तंतू कमी सुटतात. फक्त सुताला लोकरीसारखा लवचिकपणा नसतो. त्यामुळे लांब बाह्यांचा जड टॉप स्वतःच्याच वजनानं लोंबतो. त्यापेक्षा बिनबाह्यांचा, जाळीच्या विणीचा आखूड टॉप करा. तान्ह्या बाळासाठी विणणार असाल तर मात्र जाळी नको, बोटं अडकतात. आधी वीतभर नमुना विणून धुवा, वाळवा, मगच टाके मोजा, कारण धुतल्यावर माप बदलतं. गुळगुळीत दोरा धातूच्या सुयांवरून निसटतो, बांबूच्या बऱ्या. मांडीवर पसरणारी चादर विणायचा बेत असेल, तर तो दिवाळीनंतर.