फोनने अडवले, तर त्याचे ऐकावे का?

प्रश्न : आमच्या गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘पीएम किसान’ नावाची फाइल आली. बाबांनी ती उघडताच ‘हे अ‍ॅप धोकादायक असू शकते’ असे सांगून फोनने त्यांना अडवले. थोड्याच वेळात, तहसीलमधून बोलत असल्याचे सांगणाऱ्या एका माणसाचा फोन आला आणि सेटिंगमधले संरक्षण बंद केले नाही तर हप्ता थांबेल, असे तो म्हणाला. बाबांनी ते बंद केले नाही; पण आता हप्ता जाईल, या काळजीने ते बेचैन आहेत.
— एक वाचक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : बाबांनी योग्य तेच केले. हप्ता अडतो तो ई-केवायसी, आधार जोडणी किंवा जमिनीची नोंद अपुरी राहिल्यामुळे. फोनचे संरक्षण बंद न केल्यामुळे नव्हे. यापैकी काही राहिले आहे का, हे योजनेच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा जवळच्या सेवा केंद्रात पाहता येईल.

अशा फाइलच्या नावाच्या शेवटी बहुधा ‘एपीके’ ही अक्षरे असतात. ती कागदपत्र नसते, प्ले स्टोअरच्या बाहेरून फोनमध्ये शिरणारे अ‍ॅप असते. त्याला तुमचे मेसेज आणि नोटिफिकेशन वाचण्याची परवानगी हवी असते, कारण बँकेचा ओटीपी तिथेच येतो. अँड्रॉइड फोनमधील ‘प्ले प्रोटेक्ट’ हे गूगलचे संरक्षण नेमके हेच हेरते आणि बाहेरून आलेले अ‍ॅप अशा नाजूक परवानग्या मागत असेल, तर ते बसूच देत नाही. गूगलने भारतात ही व्यवस्था २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये प्रायोगिक स्वरूपात जाहीर केली. त्याआधी, अँड्रॉइड १३ पासूनच, स्क्रीनवर ताबा मिळवून देणारी ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ ही परवानगी बाहेरच्या अ‍ॅपला सहजासहजी मिळणार नाही, अशी तजवीज झालेली आहे.

म्हणूनच भामट्याला फोन करावा लागतो. यंत्राला फसवणे अवघड झाले की तो मालकाकडे वळतो आणि मालकाच्याच हाताने कुलूप काढून घेऊ पाहतो. ही चाल ओळखून गूगलने कॉल चालू असताना प्ले प्रोटेक्ट बंद करण्याचे बटणच काही काळ निष्क्रिय ठेवण्याची सोय केली आहे. कोणत्याही सरकारी कर्मचाऱ्याला तुमच्या फोनचे संरक्षण बंद करण्याची गरज नसते. तशी मागणी झाली, की समोरचा कोण आहे हे वेगळे तपासायची आवश्यकता उरत नाही.

ती फाइल ग्रुपवर चुलतभावाच्या किंवा ओळखीच्या दुकानदाराच्या क्रमांकावरून आली असेल, तर त्यांच्यावर लगेच संशय घेऊ नये. त्यांचाच फोन आधी बळी पडून परस्पर फाइल पाठवत असण्याची शक्यता मोठी असते. त्यांना प्रत्यक्ष भेटून सांगावे आणि ग्रुपच्या अ‍ॅडमिनकडून ती फाइल काढून टाकावी.

मात्र फोनलाही मर्यादा आहेत. अपडेट येणे बंद झालेल्या जुन्या फोनमध्ये यातल्या काही सोयी नसतात आणि ओटीपी किंवा यूपीआय पिन तुम्ही तोंडाने सांगितला, तर कोणताही फोन काही करू शकत नाही. कुणी चुकून ‘इन्स्टॉल’ केलेच, तर आधी इंटरनेट बंद करावे आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून व्यवहार थांबवावेत. पैसे गेले असतील तर विनाविलंब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तरी बँकेला कळवल्यानंतर होणाऱ्या नुकसानीचा भार बँकेवर असतो. त्यामुळे लाजेपायी ‘उद्या सांगू’ म्हणणे महागात पडते.

प्रश्न : अनोळखी कॉलवर ‘स्पॅम’ असे लिहून येते. ज्यावर तसे येत नाही, तो कॉल सुरक्षित समजावा का?
— एक वाचिका, ब्रह्मपुरी तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : समजू नये. ही खूण बरीचशी इतरांच्या तक्रारींवर आणि त्या क्रमांकाच्या आधीच्या वापरावर ठरते. नव्या सिमवरून आलेला पहिला कॉल तिच्यातून सहज निसटतो. बँकांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरवून दिले आहेत, तेव्हा साध्या दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून ‘बँकेतून बोलतो’ असे कुणी म्हणाले, तर कॉल तोडून पासबुकावरील क्रमांकावर स्वतः फोन करावा. पैसे गेले नसले तरी असा संशयास्पद क्रमांक दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या सुविधेवर कळवता येतो.