वाचकांचे प्रश्न : शेवटचं पाऊण मीटर

प्रश्न : गागारिन यानाबाहेर पडून पॅराशूटनं उतरला, पण राकेश शर्मा यानात बसूनच जमिनीवर आले, असं वाचलं. हा फरक का? यान आपटत नाही का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : वाचलंत ते बरोबर आहे. गागारिनच्या ‘वोस्तोक’ यानाचा गोळा पॅराशूट असूनही इतक्या जोरात आदळायचा, की आतल्या माणसाचं काही खरं नव्हतं. म्हणून १२ एप्रिल १९६१ रोजी गागारिन सुमारे ७ किलोमीटर उंचीवर खुर्चीसकट बाहेर फेकला गेला आणि वेगळा उतरला. सोव्हिएत संघानं हे बरीच वर्षं दडवलं, कारण वैमानिक यानासकट उतरला तरच विक्रम ग्राह्य धरायचा, असा आंतरराष्ट्रीय नियम होता.

शर्मांचं ‘सोयूझ’ यानही आपटतंच, फक्त बेतानं. साधारण साडेदहा किलोमीटरवर पॅराशूटची मालिका सुरू होते. मुख्य छत्र सुमारे १,००० चौरस मीटरचं. तरीही ताशी २५ किलोमीटरच्या आसपास वेग उरतोच. मग तळाची उष्णतारोधक ढाल गळून पडते, खुर्च्या धक्काशोषकांवर वर उचलल्या जातात, आणि जमीन जेमतेम पाऊण मीटरवर आली की गॅमा किरणांनी उंची मोजणारं यंत्र तळाची छोटी रॉकेटं पेटवतं. उरलेला दणका पाठ सोसते. त्यासाठी प्रत्येकाच्या पाठीचा साचा घेऊन खुर्चीचं अस्तर बनवतात. शर्मा गेले ‘सोयूझ टी-११’मधून, परतले ‘टी-१०’मधून. अशा वेळी ज्याचं अस्तर त्यानं नव्या यानात हलवायचं. दुसऱ्याचं चालत नाही.

बिघाड व्हायचा तो इथेच, परतीच्या वाटेवर. १९६७ मध्ये ‘सोयूझ-१’चं मुख्य पॅराशूट खोक्यातून निघालंच नाही, राखीव पॅराशूट लहान छत्रात गुंतलं आणि आतले अंतराळवीर कोमारोव्ह दगावले. पण आमच्या मते जास्त शिकवलं ते ‘सोयूझ-११’च्या झडपेनं. बाहेरची हवा आत यावी म्हणून ती जमिनीजवळ उघडायची. ३० जून १९७१ रोजी यानाचे भाग सुटे होताना बसलेल्या हिसक्यानं १६८ किलोमीटरवरच उघडली. आतली हवा निघून गेली आणि तिन्ही अंतराळवीर दगावले. तिघांच्याही अंगात दाबपोशाख (यानातली हवा गेली तरी जीव वाचवणारे पोशाख) नव्हते, कारण ते घालून तिघं यानात मावतच नव्हते. त्यानंतर पोशाख सक्तीचा झाला आणि १९८० पर्यंत दोघांनाच पाठवलं गेलं. सुधारित ‘सोयूझ टी’ आलं, तेव्हा कुठे पोशाखासकट तिसऱ्याला जागा झाली.

प्रश्न : इंदूरच्या गच्चीवरून अंतराळ स्थानक दिसतं का? दुर्बीण लागेल?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : दिसतं, आणि नुसत्या डोळ्यांनी. सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयापूर्वी तास-दीड तासात बघा. नासाच्या ‘स्पॉट द स्टेशन’ या मोबाइल अॅपवर आपलं ठिकाण निवडून क्षितिजापासून ४० अंशांहून वर येणारी फेरी धरा, त्याहून खालची शेजारच्या इमारतीआड जाते. न लुकलुकणारा ठळक ठिपका पश्चिमेकडून पूर्वेकडे चार-सहा मिनिटांत सरकतो. लाल-हिरवे दिवे लुकलुकले तर ते विमान. ठिपका मध्येच विझला तर घोटाळा समजू नका, स्थानक पृथ्वीच्या सावलीत शिरलेलं असतं. दुर्बिणीत ते टिकत नाही, झर्रकन निसटतं.