वानरी मेली तर तिचं पिल्लू कळपातली दुसरी मादी वाढवते का?

विजेच्या तारेला चिकटून वानरी मेली, पिल्लू तिलाच बिलगून बसलंय. ते उचलावं की कळपावर सोडावं, असा तुमचा प्रश्न आहे. कळपातलं कुणीतरी त्याला बहुधा उचलेल. पण ते जगेल का, हे दुधावर ठरतं.

काळ्या तोंडाच्या वानरांत पिल्लू जन्मापासूनच माद्यांच्या हातोहाती फिरतं. त्यामुळे पोरकं पिल्लू घ्यायला तरण्या माद्या चटकन पुढे येतात. मात्र जी कधी व्यायलीच नाही तिला दूध नसतं. पिल्लू तिच्या पोटाशी दिवसभर चोखत राहतं आणि उपाशी मरतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, आई मिळाली! म्हणून घेणारी कोण ते नीट बघा. स्तनाग्रं लांब, ओढलेली असतील तरच आशा धरा. लाल तोंडाच्या माकडांत आया पिल्लू सहसा दुसरीला देत नाहीत. तिथे पोरक्याला बहुतेकदा मोठी भावंडं जवळ करतात.

कळपात नवा हुप्प्या, म्हणजे कळपाचा ताबा घेणारा नर, आला असेल तर धोका फार मोठा. तो अंगावर पिणारी पिल्लं अनेकदा मारतो. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ सारा हर्डी यांनी 1970च्या दशकात माउंट अबूच्या वानरांत याचाच अभ्यास केला.

काळपट केस, गुलाबी चेहरा म्हणजे अगदी तान्हं. दुधाशिवाय जगणार नाही. राखाडी झालेलं, पाला खाणारं पिल्लू कळपासोबत तग धरू शकतं.

कळप जवळ असेल, पिल्लू जखमी नसेल, तर कुत्री आणि माणसं हटवून लांब थांबा. आईचं शव लगेच हलवू नका, माद्या तिथेच येतात. शव तारेजवळ असेल तर वीज बंद झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. अंधार पडेपर्यंत कुणी आलं नाही, किंवा पिल्लू गार, मलूल झालं, तर वन विभागाला 1926 वर कळवा.

ते येईपर्यंत पिल्लाला टॉवेलच्या गुंडाळीला बिलगू द्या आणि ऊब द्या. गार पिल्लाला दूध पाजू नका. पचत नाही, पोट फुगतं. उताणं धरून ड्रॉपरने तर मुळीच नको, दूध फुप्फुसात जातं. केळं, बिस्किटंही नकोत: वानराचं पोट पाला आंबवून पचवणारं, त्यात गोड पदार्थाने आम्ल वाढतं. घरी ठेवणं 1972च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. कर्मचाऱ्यांना नेमकी जागा आणि कळपाची रात्रीची झाडं दाखवून ठेवा, म्हणजे त्याच कळपात परत सोडायचा प्रयत्न करता येतो.