साइटची थीम एक आणि दुकानाचं टेम्प्लेट दुसरं, अशी दोन्ही वर्डप्रेसवर एकत्र चालतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरगुती मसाल्यांची साइट वर्डप्रेसवर आहे, तिच्यावर विकत घेतलेली एक थीम (साइटचं रूप ठरवणारा फाइलींचा संच) लावलेली आहे, आणि आता ऑनलाइन विक्रीसाठी वूकॉमर्सचं (वर्डप्रेसला दुकान जोडणारं प्लगिन, म्हणजे जोड-प्रोग्राम) एक ‘शॉप टेम्प्लेट’ तुमच्या नजरेत आहे. ते या थीमवर बसेल का?

नाही बसणार. वर्डप्रेसमध्ये एका वेळी एकच थीम चालू असते, आणि ‘शॉप टेम्प्लेट’ म्हणून जे विकलं जातं ती बहुतेक वेळा आख्खी थीमच असते. ती चालू केली की आधीची आपोआप बंद होते. मेनूच्या जागा, विजेट (बाजूच्या किंवा तळाच्या पट्टीतले छोटे चौकोन), कस्टमायझरमधले म्हणजे थीमच्या सेटिंगमधले रंग हे सगळं परत बसवावं लागतं. पानं, लेख आणि माल मात्र डेटाबेसमध्ये असतात, ते कुठे जात नाहीत.

पण मुळात दुसरं टेम्प्लेट घ्यायची गरजच नसते. वूकॉमर्स हे प्लगिन आपली टेम्प्लेट्स, म्हणजे पानांचे साचे, स्वतःबरोबर घेऊन येतं. चौकट थीमची आणि आतला माल मांडायची पद्धत वूकॉमर्सची, अशी ही वाटणी आहे. थीमला हवं असेल तर ती वूकॉमर्सच्या एखाद्या फाइलऐवजी आपली प्रत पुढे करू शकते. या जोडीत जे जे बिघडतं त्यातलं बरंचसं एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतं: समोर दिसणारं पान नेमकं कोणाच्या फाइलीतून निघालंय? (फाइलींची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, सर्व्हरवर ती इंग्रजी छोट्या अक्षरांत असतात.)

‘गोडा मसाला, २५० ग्रॅम’ असं एक पान घ्या आणि वरून खाली बघत या. वरची पट्टी, लोगो, मेनू: थीमची हेडर.पीएचपी. त्याखाली ‘मुख्यपृष्ठ / मसाले / गोडा मसाला’ ही वाट वूकॉमर्सची. डावीकडचा फोटो आणि उजवीकडचा सगळा मजकूर वूकॉमर्सच्या सिंगल-प्रॉडक्टच्या तुकड्यांतून येतो. हा उजवा मजकूर एका फाइलीत सलग लिहिलेला नसतो. तिथे एक हुक असतो, म्हणजे खुंट्यांची रांग म्हणा, आणि प्रत्येक तुकडा ठरलेल्या क्रमांकावर टांगलेला असतो: नाव ५ वर, तारे आणि किंमत १० वर, छोटं वर्णन २० वर, ‘कार्टमध्ये टाका’ बटण ३० वर, माल-क्रमांक व वर्ग ४० वर. किंमत वर्णनाच्या खाली हवी असेल तर ती १० वरून काढून २५ वर टांगायची, दोन ओळींचं काम. त्यासाठी आख्खी फाइल उचलून बदलायची नसते. अक्षरांचा फॉन्ट, दुव्यांचा रंग हे पुन्हा थीमचं, आणि तळपट्टीही थीमचीच.

थीम वूकॉमर्ससाठी तयार आहे की नाही हे एका ओळीवरून कळतं. तिच्या फंक्शन्स.पीएचपी मध्ये ‘अ‍ॅड थीम सपोर्ट’ च्या ओळीत वूकॉमर्सचं नाव असायला हवं. नसेल तर दुकान बंद पडत नाही; वूकॉमर्स ३.३ पासून, म्हणजे २०१८ पासून, अशा थीममध्ये माल साध्या पानाच्या साच्यात मांडला जातो. दिसायला ते ओबडधोबड असतं, पण विक्री होते. त्याच ठिकाणी गॅलरीच्या तीन वेगळ्या घोषणा असतात: झूम, लाइटबॉक्स (फोटो दाबला की पडदाभर उघडणं) आणि स्लायडर. मालाचे चार फोटो टाकले आणि ते दाबून मोठेच होत नाहीत, ही तक्रार अनेकदा या तीन ओळी नसल्याची असते.

ती ओळ आहे पण बाकीची तयारी केलेली नाही अशा थीममध्ये पहिला दोष दिसतो तो साइडबारचा: तो घसरून पानाच्या तळाशी जातो. कारण असं की वूकॉमर्स मालाभोवती स्वतःचे दोन डबे गुंडाळतं, त्यांची नावं ‘प्रायमरी’ आणि ‘मेन’. तुमच्या थीमने रुंदीचे नियम ‘कंटेंट-रॅप’ अशा कुठल्या तरी दुसऱ्याच नावाने लिहिलेले असतात, म्हणून ते या डब्यांना लागूच होत नाहीत. इथे सीएसएसशी (पानाच्या रंगरूपाचे आणि मापांचे नियम) झटापट करत बसू नका. मुख्य मजकुराच्या आधीच्या आणि नंतरच्या हुकवरून वूकॉमर्सचे डबे उतरवा आणि थीमच्या पेज.पीएचपी मध्ये जे डबे आहेत तेच तिथे लावा. आधीच्या हुकवर जितके डबे उघडले तितकेच नंतरच्या हुकवर बंद झाले पाहिजेत. एक जरी उघडा राहिला तर तळपट्टी माल-यादीत घुसते.

आता प्रतींचा विषय. इथे घाई करू नका. वूकॉमर्सची मूळ फाइल प्लगिनच्या ‘टेम्प्लेट्स’ फोल्डरात असते. ती तिथेच बदलली तर पुढच्या अपडेटला बदल पुसला जातो. थीममध्ये ‘वूकॉमर्स’ नावाचं फोल्डर करायचं आणि फाइलीची प्रत त्याच वाटेने ठेवायची, फक्त मधला ‘टेम्प्लेट्स’ हा शब्द गाळून. म्हणजे मूळ फाइल टेम्प्लेट्स/सिंगल-प्रॉडक्ट/प्राइस.पीएचपी असेल तर प्रत वूकॉमर्स/सिंगल-प्रॉडक्ट/प्राइस.पीएचपी इथे. एका पायरीची चूक झाली तरी प्रत वाचलीच जात नाही, आणि चूक झाली असं कुठे सांगितलंही जात नाही. हे सगळं चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर आधारलेली, फक्त तुमचे बदल ठेवणारी छोटी थीम) करा, कारण विकत घेतलेली थीमही अपडेट होते. शोधाचा क्रम असा: आधी चाइल्ड थीम, मग मूळ थीम, शेवटी प्लगिन. चाइल्ड थीमला स्टाइल.सीएसएस एवढी एक फाइल पुरते; तिच्या वरच्या टिप्पणीत ‘टेम्प्लेट’ या ओळीत मूळ थीमच्या फोल्डरचं नाव हुबेहूब हवं.

एक सापळा लक्षात असू द्या. काही थीममध्ये अगदी वरच्या पातळीवर वूकॉमर्स.पीएचपी अशी एक फाइल असते (फोल्डर नव्हे). ती असेल तर माल-यादी आणि मालाचं पान दोन्ही तिच्यातूनच निघतात. मग वूकॉमर्स फोल्डरात तुम्ही सिंगल-प्रॉडक्ट.पीएचपी कितीही वेळा बदला, पानावर काहीही हलत नाही. लोक कॅश (पानांच्या साठवून ठेवलेल्या जुन्या प्रती) पुसून पुसून थकतात, आणि दोष या फाइलीचा असतो.

प्रत केली की ती जुनी होऊ लागते, हे प्रतीचं दुखणं. प्रत्येक मूळ फाइलीच्या डोक्यावर आवृत्ती लिहिलेली असते. वूकॉमर्स → स्टेटस या पानावर अगदी खाली ‘टेम्प्लेट्स’ असा भाग आहे. तुमच्या थीमने कोणकोणत्या फाइलींच्या प्रती केल्यात आणि त्यातली कोणती मागे पडलीय ते तिथे दिसतं. मागे पडलेली प्रत लगेच मोडते असं नाही. पण पेमेंटचं प्लगिन ज्या हुकवर आपला भाग लावतं तो हुक जुन्या प्रतीत नसेल तर तो भाग नुसता दिसत नाही, आणि एररही येत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: हुकने भागत असेल तर प्रत करू नका. ज्या थीममध्ये चाळीस-पन्नास फाइलींच्या प्रती आहेत ती दिसायला कितीही देखणी असो, दर काही महिन्यांनी तुम्ही थीमवाल्याच्या अपडेटची वाट बघत बसाल.

कार्ट (पिशवी) आणि चेकआउट (पत्ता व पैसे भरायचं पान) यांचं गणित वेगळं आहे. ही साधी वर्डप्रेस पानं असतात आणि त्यांच्या आत एकतर शॉर्टकोड (चौकोनी कंसातला छोटा संकेत) असतो नाहीतर ब्लॉक (एडिटरमध्ये मांडायचा तयार तुकडा). वूकॉमर्स ८.३ पासून, म्हणजे २०२३ च्या नोव्हेंबरपासून, नव्या दुकानात डिफॉल्ट ब्लॉक येतात. ब्लॉकवाल्या कार्टला थीममधली कार्ट.पीएचपी लागू होत नाही, चेकआउटचे जुने हुकही चालत नाहीत. थीम जुन्या धाटणीची आणि कार्ट नव्या ब्लॉकची, अशी जोडी जमली की मालाचं पान थीमसारखं दिसतं आणि चेकआउट परक्या साइटसारखं. इलाज सोपा आहे: कार्टचं पान संपादनासाठी उघडा, ब्लॉक काढा आणि चौकोनी कंसात वूकॉमर्स_कार्ट हा शॉर्टकोड (इंग्रजीत) टाका; चेकआउटला त्याचा शॉर्टकोड. अट एवढीच की तुमचं पेमेंट प्लगिन कोणत्या पद्धतीला चालतं ते आधी बघा.

थीम ब्लॉक पद्धतीची असेल (वर्डप्रेस ५.९ पासून, २०२२ पासून, ही पद्धत मूळ वर्डप्रेसमध्ये आहे) तर टेम्प्लेट्स एचटीएमएल फाइलींत असतात आणि साइट एडिटरमधून बदलता येतात. तिथे केलेला बदल फाइलीत जात नाही, डेटाबेसमध्ये राहतो आणि फाइलीला दाबतो. उद्या डेव्हलपरने फाइल बदलली आणि पान तसंच राहिलं, तर साइट एडिटरमध्ये त्या टेम्प्लेटवर ‘रीसेट’ करावं लागतं. पेज बिल्डरने (पानं ओढून-सोडून मांडायचं वेगळं प्लगिन) मालाचं पान बनवलं असेल तर तो तिसराच मालक. तिथे हुक चालतील की नाही हे त्या बिल्डरवर.

फोटोंबद्दल दोनच गोष्टी. थीमने वेगळं सांगितलं नसेल तर यादीतला फोटो ३०० पिक्सेल रुंद आणि मालाच्या पानावरचा ६०० पिक्सेल रुंद असतो. थीम बदलली की ही मापंही बदलू शकतात. नवे फोटो मागे हळूहळू तयार होतात, तोवर यादी धूसर किंवा वेडीवाकडी दिसेल. आणि सगळे मूळ फोटो एकाच प्रमाणात काढा, नाहीतर चौकोनी कापताना पाकिटाचं नाव अर्धं उडतं.

मराठी मजकूर असेल तर विकतच्या थीम जिथे अडतात ते त्यांच्या डेमोत कधीच दिसत नाही. बटणांवर अक्षरांमधलं अंतर २ पिक्सेल ठेवायची हौस बऱ्याच थीमना असते. इंग्रजीत ते छान दिसतं; देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि ‘कार्टमध्ये टाका’ सुट्या तुकड्यांत दिसतं. ते अंतर शून्य करा. शीर्षकांच्या ओळींची उंची १.१ वगैरे असते, त्यात खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला जाऊन भिडते, १.४ च्या आसपास ठेवा. फॉन्ट देवनागरीचा आहे का आणि त्यात ₹ आहे का तेही बघा. मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी घेतला तर हा प्रश्न मिटतो.

मालाचं नाव मराठीत ठेवा, पण पत्त्यातला स्लग (वेब-पत्त्यात त्या मालासाठी येणारा शब्द) इंग्रजी अक्षरांत लिहा. स्लगला २०० अक्षरांची मर्यादा आहे आणि देवनागरीतलं एक चिन्ह तिथे ९ अक्षरांचं होतं. काना, मात्रा, हलंत सगळं वेगळं मोजलं जातं, म्हणजे २२ चिन्हांतच जागा संपते. ‘वजन’, ‘तिखटपणा’ अशा गुणधर्मांच्या स्लगला तर २८ चीच मर्यादा आहे.

किमतीत स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांवरच पडतात. मसाल्याला त्याने काही बिघडत नाही, पैठणी विकणाऱ्याचं १,२५,००० मात्र १२५,००० असं दिसतं. किंमत पडद्यावर येण्याआधी तिचं रूप बदलणाऱ्या, कोडमध्ये लिहायच्या फिल्टरने ते दुरुस्त होतं, पण ब्लॉकवाल्या कार्टपर्यंत तो फिल्टर पोचत नाही.

कॅशिंग प्लगिन (पानांच्या तयार प्रती साठवून साइट वेगवान करणारं) असेल तर कार्ट, चेकआउट आणि ‘माझं खातं’ ही पानं त्यातून वगळा. नाहीतर वरच्या पट्टीतला पिशवीचा आकडा शून्यावर अडकतो, किंवा एकाला दुसऱ्याची कार्ट दिसते.

काही बिघडलंच तर थेट साइटवर प्रयोग करू नका. होस्टिंगवर साइटची नक्कल करून तिथे स्टोअरफ्रंट ही वूकॉमर्सवाल्यांची फुकट थीम चालू करा. दोष गेला तर तो तुमच्या थीमचा. मग चाइल्ड थीममधल्या वूकॉमर्स फोल्डरचं नाव तात्पुरतं बदला आणि बघा. नंतर मूळ थीमचं तेच. स्टोअरफ्रंटवरही दोष तसाच राहिला तर थीमला सोडा, वूकॉमर्स वगळून बाकीची प्लगिनं एकेक बंद करत जा. शेवटी कॅश ऑन डिलिव्हरीने एक खरी ऑर्डर टाका, मोबाइलवरून, कारण वूकॉमर्सची छोट्या पडद्याची सीएसएस ७६८ पिक्सेलच्या खाली लागते आणि थीमची कदाचित ९९१ ला. या दोन आकड्यांच्या मधल्या टॅबलेटवर कार्टचा तक्ता पडद्याबाहेर जाऊ शकतो.

दोन वेगळ्या थीम हव्यातच असतील तर दुकान सबडोमेनवर (मुख्य पत्त्याच्या आधी एक शब्द जोडून केलेला पत्ता), वेगळ्या वर्डप्रेसवर चालवता येतं. पण मेनू, लोगो, फॉन्ट, अपडेट सगळं दोनदा करावं लागतं आणि मुख्य साइटच्या पट्टीत कार्टचा आकडा आपोआप येत नाही. वीस-तीस मसाल्यांसाठी मी हे सुचवणार नाही. आहे ती थीम तपासा. ती तयार नसेल तर वूकॉमर्सला सांभाळणारी एकच थीम घ्या आणि साइटची बाकीची पानंही तिच्यावरच बसवा.