अवकाश सिम्युलेशन गेममध्ये नवे ग्रह शोधणं खेळाडूला जास्त समाधान देणारं कसं करावं?

तुमच्या गेममध्ये हजारो ग्रहमाला आहेत, स्कॅनर आहे, प्रत्येक शोधाचे क्रेडिट्स (गेममधले पैसे) मिळतात, तरी खेळाडू थोडे ग्रह पाहून व्यापाराकडे नाहीतर लढाईकडे वळतात. म्हणून शोधाचं बक्षीस वाढवावं का, असं तुम्ही विचारलं आहे. माझ्या मते बक्षिसाला तूर्त हात लावू नका. मी या प्रकारचे गेम अनेक वर्षं खेळतोय. यान अनोळखी दिशेला वळवावंसं जेव्हा जेव्हा वाटलं, तेव्हा मनात काहीतरी तर्क असायचा: तिकडे अमुक सापडायला हवं. तो खरा ठरतो की खोटा, हे जाऊन पाहण्यातच सगळी गंमत आहे. तेव्हा तुमच्या खेळाडूला तर्क करायला तुम्ही काय देता, ते आधी तपासा.

ग्रहांची संख्या वाढवून हे साधत नाही. डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांनी १९८४ साली ‘एलीट’ हा अवकाश गेम बनवला, तेव्हा त्यांच्या गणिती सूत्रातून सुमारे २८१ लाख कोटी दीर्घिका निघू शकत होत्या. प्रकाशक अॅकॉर्नसॉफ्टने ती संख्या आठवर आणायला लावली, कारण एवढ्या दीर्घिका दिसल्या असत्या तर हे सगळं सूत्रातून निघतंय हे खेळाडूच्या लगेच लक्षात आलं असतं. आठ दीर्घिका, प्रत्येकीत २५६ ग्रहमाला. हा निर्णय मला आजही शहाणपणाचा वाटतो. २०१६ मध्ये ‘नो मॅन्स स्काय’ आला, त्यात २ चा ६४वा घात इतके ग्रह होते, आणि सुरुवातीच्या महिन्यांत वारंवार ऐकू येणारी तक्रार हीच होती की ग्रह एकमेकांसारखे वाटतात. पुढच्या अपडेट्सनी तो गेम खूपच सुधारला, पण तेव्हाची अडचण आपल्या कामाची आहे: गवताचा रंग बदलायचा, प्राण्यांचे आकार बदलायचे, पण ते तसे का, हे कशावरूनच कळत नव्हतं. ज्या फरकाला कारण नाही, तो लक्षातही राहत नाही.

म्हणून पहिलं काम जनरेटरमध्ये, म्हणजे सूत्रांवरून ग्रह तयार करणाऱ्या प्रोग्राममध्ये, करा. ग्रहाचा प्रत्येक गुण वेगळा फासा टाकून ठरवू नका, एका गुणातून दुसरा निघू द्या. गुरूचा उपग्रह आयो यासाठी उत्तम नमुना आहे. आयो, युरोपा आणि गॅनिमीड यांच्या प्रदक्षिणांचे काळ १, २, ४ अशा प्रमाणात आहेत. त्यामुळे आयोची कक्षा पूर्ण वर्तुळाकार होऊ शकत नाही, गुरूची ओढ सतत कमीजास्त होते आणि आतला खडक दाबला-ताणला जाऊन तापतो. एवढ्या गणितावरून पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स या तीन शास्त्रज्ञांनी मार्च १९७९ च्या सुरुवातीला मांडलं की आयो आतून वितळलेला असण्याची शक्यता आहे. त्याच महिन्यात, काही दिवसांतच, व्हॉयेजर १ या यानाने पाठवलेल्या छायाचित्रात लिंडा मोराबितो यांना ज्वालामुखीचा फवारा दिसला. नुसत्या कक्षेच्या आकड्यांवरून ज्वालामुखीचा सुगावा लागला होता!

हाच थरार तुम्ही खेळाडूला देऊ शकता, आणि त्यासाठी एकही नवं चित्र काढावं लागत नाही. कक्षा किती लांबट आहे आणि शेजारच्या उपग्रहांचे काळ काय आहेत, हे तुमच्या डेटात बहुधा आधीच असेल. त्यावरून आतली उष्णता काढा, उष्णतेवरून ज्वालामुखी, ज्वालामुखीवरून गंधकाचे साठे. ज्याला ही साखळी उमगेल तो लांबूनच कक्षांचा नकाशा बघून सांगेल की गंधक अमुक उपग्रहावर मिळणार. लाल बटू (छोट्या, मंद) ताऱ्याभोवती पाणी द्रवरूपात राहील असा पट्टा ताऱ्याच्या अगदी जवळ असतो, तिथल्या ग्रहाची बहुधा एकच बाजू कायम ताऱ्याकडे असते. मग अशा ग्रहावर कायमच्या दिवस-रात्रीच्या सीमेवरच जीवसृष्टी ठेवा. गुरूएवढा ग्रह ताऱ्याला खेटून फिरताना दिसला, जसा १९९५ मध्ये ५१ पेगासी या ताऱ्याजवळ सापडला, तर तो बाहेरून आत सरकत आलेला असू शकतो. त्या माळेत आतल्या बाजूला छोटे ग्रह क्वचितच ठेवा. असे सात-आठ नियम पुरतात. ते ट्युटोरियलमध्ये लिहून टाकू नका, खेळाडूंना आपसात बोलून ते काढू द्या.

नियम पक्के झाले की अपवादांना किंमत येते. ताऱ्यापासून दूर, एकटा, गोल कक्षेतला उपग्रह, आणि तरी तो गरम? नियम माहीत असलेला खेळाडू इथे थबकणारच. तुम्ही हाताने रचलेल्या मोजक्या गोष्टी, म्हणजे जुने अवशेष, बुडालेलं यान, कुणाचा तरी तळ, अशाच ठिकाणी ठेवा. नकाशावर प्रश्नचिन्ह लावून तिकडे धाडण्यापेक्षा हे कितीतरी सरस.

स्कॅनरबद्दल. एक बटण दाबलं आणि सगळी ग्रहमाला उघडी पडली, असं असेल तर शोध तिथेच संपतो. ‘एलीट’च्याच मालिकेतल्या ‘एलीट डेंजरस’मध्ये पूर्वी प्रगत स्कॅनर असला की असंच व्हायचं. डिसेंबर २०१८ च्या अपडेटपासून पहिल्या स्कॅनमध्ये किती ग्रह-उपग्रह आहेत आणि कोणत्या प्रकारचे संकेत येतायत एवढंच कळतं. मग रेडिओसारखं ट्यून करून एकेक ग्रह शोधायचा, आणि जवळ जाऊन प्रोब सोडून पृष्ठभागाचा नकाशा काढायचा. काहींना जुनी पद्धतच बरी वाटायची, कारण नवीन वेळखाऊ आहे. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, शंभराव्या माळेत तेच ट्यूनिंग कंटाळवाणं होतं. पण टप्प्याटप्प्याने माहिती देण्याची कल्पना घ्या: लांबून थोडी आणि धूसर, जवळून जास्त, उतरल्यावर पूर्ण. प्रत्येक टप्प्यावर खेळाडूला ठरवावं लागलं पाहिजे की पुढे जायचं की सोडून द्यायचं.

याच गेममध्ये २०२१ पासून ग्रहांवर उतरून सजीवांचे नमुने घेता येतात. कोणता जीव कुठे मिळेल हे वातावरण, तापमान, गुरुत्व यांवर ठरतं. त्यामुळे उतरण्याआधीच आकडे वाचून भाकीत करणारे वैमानिक तयार झाले आहेत. हा भाग मला मनापासून आवडतो. एकाच जातीचे तीन नमुने ठरावीक अंतर चालून गोळा करायचे, हा भाग आवडत नाही, कारण पहिल्या नमुन्यानंतर नवीन काही कळत नाही.

बक्षिसाकडे वळतो. ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’मध्ये प्रत्येक भूप्रदेशात प्रयोग करून विज्ञानाचे गुण मिळतात, मातीचा नमुना प्रत्यक्ष परत आणला तर रेडिओने माहिती पाठवण्यापेक्षा जास्त. कल्पना छान आहे. पण ते गुण कुठूनही आले तरी एकाच खात्यात जमतात, म्हणून ‘मुन’ आणि ‘मिन्मस’ या जवळच्या दोन चंद्रांवर फिरूनच सगळं तंत्रज्ञान उघडता येतं आणि लांबच्या ग्रहांवर जायची गरज उरत नाही. सामायिक चलन दिलं की खेळाडू सर्वात स्वस्त जागा शोधणार, त्यात त्याचा दोष नाही. त्याऐवजी शोधाचं फळ त्या जागेशीच बांधा: इथलं वातावरण मोजलं तर इथेच सुरक्षित उतरता येईल, या पट्ट्यातला धूलिमेघ नोंदवला तर त्यातून नवी वाट खुली होईल. ‘आउटर वाइल्ड्स’ हा गेम या बाबतीत सर्वांत पुढे आहे. तिथे यान अपग्रेड होत नाही, फक्त तुमचं ज्ञान वाढतं, आणि ज्याला सगळं माहीत आहे तो पहिल्या उड्डाणातच शेवटापर्यंत पोहोचू शकतो.

तुमचा गेम बहुखेळाडू असेल, तर शोधकाचं नाव ग्रहावर लिहून थांबू नका. २०१९ मध्ये ‘एलीट डेंजरस’मधल्या ‘डिस्टंट वर्ल्ड्स २’ या खेळाडूंनीच आखलेल्या मोहिमेत १३,००० हून जास्त जणांनी नाव नोंदवलं, आणि त्यांनी वाटेत जमवलेल्या खनिजांतून आकाशगंगेच्या केंद्राजवळ एक कायमचं स्थानक उभं राहिलं. आज तिथून जाणारा कुणीही त्या स्थानकावर यान दुरुस्त करू शकतो. शोधामुळे दुसऱ्याचा प्रवास बदलला, याचं समाधान क्रेडिट्सनी येत नाही.

पुढच्या चाचणीत एक करून बघा. शोधाचे सगळे क्रेडिट्स शून्य करा, आणि खेळाडूंना प्रत्येक उडीआधी एका ओळीत लिहायला सांगा की तिथे काय सापडेल असं वाटतं. ज्या माळांसाठी त्यांना काहीच लिहिता येत नाही, तिथे तुमचा जनरेटर पुरेसे पुरावे देत नाही. त्या माळांपासून काम सुरू करा.